समोरच्या दारावरचं लाल फडकं

मी एक जुनी लेथ आहे. यंत्र म्हणा, मशीन म्हणा, धूड म्हणा; धूड म्हणणारेच जास्त भेटले. सरकारी शाळेच्या तळमजल्यावर, कार्यशाळेच्या खोलीत, बरोबर दारासमोर मला बोल्ट ठोकून पक्कं बसवलं आहे. मान वळवायची सोय नाही. त्यामुळे दार उघडं असलं की मला पॅसेजपलीकडची प्रयोगशाळा दिसते, तिच्यातलं काचेचं कपाट दिसतं आणि कपाटात बसलेले काटेराव दिसतात.

मित्रांनो, आपली हकिकत सांगणारे सगळे जन्मापासून सुरुवात करतात. मी माझ्या पोटदुखीपासून करते. मला काटेरावांचा हेवा वाटतो. आजचा नाही, त्यांना कपाटात बसवलं त्या दिवसापासूनचा आहे. काटेराव म्हणजे प्रयोगशाळेतला वजनाचा काटा, दोन चिमुकल्या पारड्यांचा. राव मी लावलं. इतका भाव खाणाऱ्याला नुसतं काटा कसं म्हणायचं?

माझा जन्म ओतशाळेतला. तापलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झालं, मग कितीतरी हातांनी मला घासून, छिद्रं पाडून, गिअर बसवून उभं केलं. शाळेनं कार्यशाळा काढली तेव्हा मी इथं आले. मला आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली होती. मुलं खिडक्यांना लोंबकळून बघत होती, मुख्याध्यापकांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आता आमची पोरं रिकाम्या हातानं शाळेबाहेर पडणार नाहीत." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. त्यानंतर इतकं चांगलं माझ्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

माझं काम सोपं आहे. लोखंडाची किंवा पितळेची कांडी माझ्या चकात, म्हणजे तीन जबड्यांच्या पकडीत धरायची. आडव्या दांड्याच्या चावीनं चक आवळायचा. चावी काढून बाजूला ठेवायची आणि मगच बटण दाबायचं. मी फिरू लागले की कांडीला कापायचं हत्यार लावायचं. कीस निघत जातो, आणि वेड्यावाकड्या कांडीतून गोल, गुळगुळीत, उपयोगाची वस्तू बाहेर येते. यातली चावीची गोष्ट लक्षात ठेवा. चावी चकात राहिली आणि मी फिरले, तर ती अशी सुटते की समोरच्याचं कपाळ फोडून जाईल. म्हणून आमचे मास्तर पहिल्या दिवसापासून एकच घोकून घ्यायचे, "चावी हातात, मग बटण!" मुलं त्यांना चावीमास्तर म्हणायची. मास्तरांनाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सगळं बरं चाललं होतं आणि समोर काटेराव आले. येताना मखमलीच्या पेटीतून आले. मला ट्रकवर दोरखंडानं बांधून आणलं होतं, ते आठवून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना काचेचं घर, घराला कुलूप, आत वारा जाऊ नये म्हणून सरकतं दार. वजनं चिमट्यानं उचलायची, बोट लावायचं नाही. मुलांनी श्वास रोखून उभं राहायचं. माझ्यापुढे मुलं बाह्या सरसावून यायची आणि काळ्या हातांनी परत जायची, पण श्वास कुणी रोखला नाही.

तेही चाललं असतं. पण मी सुरू झाले की जमीन किंचित हादरते, आणि जमीन हादरली की काटेराव थरथरतात. त्यांचा काटा एका जागी ठरेना. प्रयोगशाळेच्या जुन्या गुरुजींनी तक्रार केली आणि नियम निघाला. प्रयोगशाळेत वजन करायचं असलं की त्यांच्या दारावर लाल फडकं लावायचं. फडकं दिसलं की आम्ही काम थांबवायचं. अर्धवट कापलेली कांडी चकात, हत्यार तापलेलं, मुलं ताटकळत उभी, आणि पलीकडे काटेराव आरामात डुलत खडूच्या पुडीचं वजन सांगताहेत! एका बाजूला डुलतील, दुसऱ्या बाजूला डुलतील, घाई म्हणून नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यांच्यासाठी मी थांबले. माझ्यासाठी ते एकदाही थांबले नाहीत.

मुलांचंही तसंच झालं. दरवर्षी एका परीक्षेनंतर मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे राहून नावं वाचायचे. चांगले गुण मिळालेली मुलं प्रयोगशाळेकडे, बाकीची माझ्याकडे. एकांना डोकेवाले म्हणायचे, दुसऱ्यांना हातवाले. तिकडे गेलेल्या मुलांचे आईवडील दुसऱ्या दिवशी पेढे वाटल्यासारख्या चेहऱ्यानं यायचे. माझ्याकडे आलेली मुलं पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून बसायची. त्यांना दोष कसा देणार? उरलंसुरलं म्हणून पाठवल्यावर कोण आनंदानं येईल? पण मलाही कुणाचं तरी पहिलं व्हायचं होतं.

ती हौस एका मुलीनं पुरवली. सतत तुरुतुरु फिरायची म्हणून मास्तर तिला भिंगरी म्हणायचे. गवंड्याची मुलगी, डावखुरी, कपाळावरचे केस फुंकरीनं उडवायची सवय. तिचा हात बसला तो असा की मास्तरांनी बाकीच्यांना तिच्यामागे उभं करून बघायला सांगावं. माझ्या आवाजावरून तिला कळायचं की हत्यार बोथट झालंय. सुट्टीच्या आधी मला पुसून, तेल देऊन, वर कापड घालून जायची. ती आपली, पूर्ण आपली, असं मी धरून चालले होते.

तिनं वडिलांसाठी पितळेचा ओळंबा केला. भिंत सरळ आली का ते बघायला गवंडी दोरीला टांगतात तो. लहानसाच, पण अणकुचीदार, कमरेपाशी दोन बारीक रेघा काढलेला. करून झाल्यावर तिनं तो सदऱ्याच्या टोकानं पुसला, मुठीत धरला आणि पॅसेज ओलांडून समोरच्या दाराशी गेली. थोड्या वेळानं परत आली. चेहरा उतरलेला होता, पण मला वाटलं दमली असेल. त्यानंतर कधीही लाल फडकं लागलं की ती पाठ फिरवून उभी राहायची. मी मनातल्या मनात फुलायचे, की हिलाही काटेराव आवडत नाहीत. तिचा आणि माझा राग एकच आहे, असं मी समजत राहिले.

भिंगरी शिकून बाहेर पडली आणि पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागली. पुढे दुकान तिचंच झालं, हे मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मला ते ऐकायला फार गोड वाटायचं. काटेरावांनी कुणाचं दुकान काढून दिलं होतं का?

मग माझे वाईट दिवस आले. हातवाल्यांत नाव येऊ नये म्हणून आईबाप मुलांना आधीपासून शिकवण्या लावू लागले. वर्ग ओस पडत गेला. मला फिरवणारा पट्टा तुटला तो नवा यायला ऋतू बदलला. चकाच्या जबड्यांवर गंज चढला. कुणीतरी माझ्या पाठीवर फुटक्या खुर्च्या रचून ठेवल्या. समोर मात्र भिंतींना रंग लागला, नवे दिवे लागले, काटेरावांच्या काचा रोज पुसल्या जाऊ लागल्या. मी खुर्च्यांखालून ते बघत असे. मत्सरानं लोखंड गंजत असतं तर तेव्हाच माझा भुगा झाला असता.

आणि एके दुपारी त्या खुर्च्या कुणीतरी एकेक करून उतरवल्या. एक मुलगी होती. तिनं जबड्यांवरचा गंज नखानं खरवडून बघितला आणि कपाळावरचे केस फुंकरीनं उडवले. मास्तर दारातच थबकले.

"कुणाची गं तू?"

मुलीनं आईचं दुकान सांगितलं. मास्तरांना चष्मा काढून पुसावा लागला.

भिंगरीची लेक! पण ऐका तर खरं, ती डोकेवाल्यांपैकी होती. समोरच्या वर्गातली पहिल्या बाकावरची. काटेरावांना सोडून ती माझ्याकडे येत होती! मधल्या सुट्टीत यायची, मास्तरांकडून शिकायची, आणि घंटा झाली की हात धुऊन पळायची. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी काटेरावांकडे अशी काही बघत होते की त्यांना डोळे असते तर ते खाली गेले असते.

हे सुख फार टिकलं नाही. शाळेच्या समितीत विषय निघाला की कार्यशाळेवर यापुढे शाळेनं पैसा घालायचा का? खोली रिकामी करून प्रयोगशाळा वाढवावी, असा अध्यक्षांचा विचार होता. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं, माणूस वाईट नव्हता, पण नेटकेपणाची भारी आवड. माझं काय करायचं, तर भंगारात. तो शब्द त्यांनी माझ्यासमोर उच्चारला. समितीत पालकांच्या वतीनं एक बाई होत्या, आणि त्या बाई म्हणजे आमची भिंगरी. मतं अशी विभागली होती की पारडं तिच्याच हातानं झुकणार होतं. मास्तर हसत घरी गेले. मीही निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी मुलगी रडवेली होऊन आली आणि म्हणाली, "मास्तर, आई बंद करा म्हणणार आहे."

मित्रांनो, चालता चालता पट्टा तुटल्यावर जसं होतं तसं मला झालं.

शेवटचा निर्णय घ्यायच्या आधी समितीनं खोली एकदा बघावी, असं ठरलं. मास्तरांनी मला घासूनपुसून लख्ख केलं. अध्यक्ष आले, मुख्याध्यापक आले, प्रयोगशाळेच्या आताच्या बाई आल्या. सगळ्यांत शेवटी भिंगरी आली. केस पांढरे होऊ लागले होते, हात मात्र तेच. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दाराकडे पाठ करून उभं राहायची तिची जागाही तीच होती.

"आई, फक्त एकदा बघ," मुलगी म्हणाली.

"मला काय दाखवतेस? तुझ्या वयाची असताना मी हेच करत होते," भिंगरी म्हणाली. "तुला त्या बाजूला पोचवायला माझा जीव मेटाकुटीला आला, आणि तू पॅसेज ओलांडून परत इकडे?"

"मला दोन्ही हवंय."

"दोन्ही कुणाला मिळतं?"

वातावरण निवळावं म्हणून मास्तर पुढे झाले. त्यांनी पितळेची कांडी चकात धरली, चावीनं आवळली आणि मुलीला म्हणाले, "चल, दाखव." पण त्यांचं लक्ष कांडीवर नव्हतं. सगळा वेळ ते भिंगरीच्या चेहऱ्याकडे बघत होते. जन्मभर ज्यांनी त्या एका गोष्टीसाठी पोरांचे कान उपटले, ते चावीमास्तर चावी चकातच विसरले.

मला ती जाणवत होती. आणि खरं सांगते, समोर दार उघडं होतं, पलीकडे काचेचं कपाट होतं, आणि क्षणभर माझ्या मनात आलं की उडू दे. पण मधे पोरगी उभी होती. मी ओरडू शकत नव्हते. मुलीचा डावा अंगठा बटणाकडे गेला.

"चावी!"

ओरडली भिंगरी. ओरडण्याआधीच तिचा हात चकावर पोचला होता आणि चावी तिच्या मुठीत होती. ती इतक्या लांबून कधी आली, तिलाही कळलं नसावं. लेकीला तिनं दुसऱ्या हातानं मागे खेचलं होतं.

 मास्तर मटकन स्टुलावर बसले.

"मास्तर, तुम्ही?" भिंगरीनं चावी त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही विसरलात?"

"तुझ्याकडे बघत होतो गं," मास्तर म्हणाले. "एवढी कशावर रागावलीस, तेच कळेना."

अध्यक्षांनी घाम पुसला. "बघितलंत ना? मी हेच म्हणत होतो. लहान मुलांच्या शाळेत असली यंत्रं हवीत कशाला? उद्या काही झालं तर जबाबदार कोण? आजच सोक्षमोक्ष लावू. ताई, तुमचं मत तर ठरलेलंच आहे."

भिंगरीनं चावी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "थांबा जरा. मला कशाचा राग आहे ते मास्तरांनी विचारलंय, आधी त्यांना उत्तर देते."

आणि तिनं ओळंब्याची गोष्ट सांगितली. ओळंबा झाल्यावर त्याचं नेमकं वजन किती, हे तिला बघायचं होतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या उतरल्यात, मग वजनही कागदावर लिहून वडिलांना द्यावं, अशी हौस. जुन्या गुरुजींनी दारातच अडवलं. म्हणाले, हा काटा हातवाल्यांसाठी नाही, जा आपल्या खोलीत.

"मी किती दिवस त्या कपाटाकडे बघत होते, मास्तर! इथं उभी असायचे, हात इथं चालायचे, डोळे तिकडे. लाल फडकं लागलं की बघवायचं नाही म्हणून पाठ फिरवायचे. ज्या मुलांना तिथं जाता यायचं त्यांचा मला इतका हेवा वाटायचा, की रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे."

मित्रांनो, माझं काय झालं असेल याची कल्पना करा. माझी सर्वांत लाडकी विद्यार्थिनी, माझ्यापुढे उभी राहून, माझ्या नकळत मान वळवून काटेरावांना बघत होती! तिच्या त्या पाठ फिरवण्यावर मी इतकी वर्षं अभिमान बाळगला होता. त्या क्षणी मला तिचा राग आला, काटेरावांचा आला आणि स्वतःचा सर्वांत जास्त आला. मग हळूहळू लक्षात आलं की हेवा करण्यात आम्ही दोघी अगदी एकाच साच्यातल्या निघालो.

"या लेथनं मला पोसलं," भिंगरी पुढे म्हणत होती. "हिला भंगारात घाला म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. आत्ता तर नाहीच. माझ्या हाताला जे कळलं ते हिच्यापुढेच शिकलेलं आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना व्हरांड्यात उभं करून अर्धी इकडे, अर्धी तिकडे करणार असाल, तर मी आजही बंदच करा म्हणेन. पैसा दोन्ही खोल्यांना द्या. सगळी मुलं दोन्हीकडे जाऊ देत. ती नावं वाचणं बंद. कबूल असेल तर माझं मत कार्यशाळेला."

"अहो, सगळी मुलं म्हणजे खर्च वाढणार," अध्यक्ष म्हणाले. "चार गोष्टी अर्धवट शिकवण्यापेक्षा एक धड शिकवावी."

"मला एकच धड शिकवली होती. ती उपयोगाला आली, पण दुसरीची भूक काही मेली नाही."

तेव्हा प्रयोगशाळेच्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या मुलांना साधा स्क्रू फिरवता येत नाही. त्यांना पाठवायला मी तयार आहे. फक्त ते फडकं राहू द्या, काटा खरंच थरथरतो."

अध्यक्षांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण मत झालं आणि कार्यशाळा राहिली. पुन्हा आढावा घेऊ, असं बजावूनच अध्यक्ष गेले. माझ्या नावावर पहिली खरेदी झाली ती स्प्रिंगच्या चावीची. ही चावी चकात राहतच नाही, हात सुटला की आपोआप बाहेर पडते. मास्तरांना तो सरळसरळ अपमान वाटला. काही दिवस ते तिच्याशी अबोला धरून होते, आणि मुलांना अजूनही "चावी हातात, मग बटण" हेच घोकायला लावतात.

आता सगळी मुलं माझ्याकडे येतात. पहिल्या बाकावरचीही येतात आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचेच हात सारखे थरथरतात. गंमत अशी की त्यातली काही मला सोडून प्रयोगशाळेकडे कधी जातो याचीच वाट बघत असतात. ते बघून पोटात दुखायचं ते दुखतंच. म्हातारपणी स्वभाव बदलतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गेल्या आठवड्यात भिंगरी पुन्हा आली. हातात एक पुरचुंडी होती. उघडली तर तो ओळंबा! वडिलांनी जन्मभर वापरलेला, टोक बोथट झालेलं, कमरेच्या दोन रेघांपैकी एक झिजून गेलेली. लेक तिला हाताला धरून पॅसेजपलीकडे घेऊन गेली. मी तेव्हा चालू होते. एका मुलानं नुकतंच हत्यार लावलं होतं आणि कीस छान सुटत होता. इतक्यात मुलीनं समोरच्या दारावर लाल फडकं लावलं. मास्तरांनी मला थांबवलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या थांबण्याचा मला राग आला नाही. सगळी मुलं माझ्यापासून उठून त्या दारात गोळा झाली होती. त्यांच्या डोक्यांमधून मला दिसलं, काचेचं दार सरकलं. काटेरावांच्या एका पारड्यात माझा ओळंबा बसला, दुसऱ्या पारड्यात मुलगी चिमट्यानं वजनं ठेवू लागली. काटेराव डुलले, आणखी डुलले, आणि थांबले. भिंगरी वाकून बघत होती. मग ती कपाळावरचे पांढरे केस फुंकरीनं उडवून हसली, आणि दारातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तर मित्रांनो, तुमच्या शाळेत समोरासमोर अशा दोन खोल्या असतील तर मधली दारं बंद करू नका. कुणाला अमक्या खोलीचा म्हणून दारातून परत पाठवू नका. यंत्रांना वेळच्या वेळी तेल द्या, आणि चावी काढायला विसरू नका. आणि कधी आमच्या शाळेत आलात तर माझं एक काम करा. त्या ओळंब्याचं वजन किती भरलं, ते समोरच्या खोलीत विचारा आणि मला येऊन सांगा. टाळ्यांच्या गडबडीत ते मला सांगायचं राहून गेलं, आणि काटेरावांना विचारायला मी काही जाणार नाही.